ब्रेकचा दोष न्हाय

श्रावण सरेपर्यंत अलीमियाँच्या मिनीडोर रिक्षाचे ब्रेक तीनदा उघडून झाले आणि तीनही वेळा बुधाजी मिस्त्रीनं एकच निकाल दिला, ब्रेकचा दोष न्हाय. तिसऱ्या वेळी त्यानं काळे हात फडक्याला पुसले आणि नाक्यावरच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "मियाँभाई, आता परत आनलीस तर मी गाडी उघडनार न्हाय, तुला उघडीन." माणसं हसली. अलीमियाँही हसला, पण घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं.

ब्रेकवर त्याचा राग होता तो केसरमुळं. केसर ही वाडीच्या टोकाला राहणारी कोळीण. पहाटे थळच्या बंदरावर जायची, मिळेल ती मासळी घ्यायची आणि नाक्यावर रस्त्याच्या कडेला बसून विकायची. पंधरा दिवसांपूर्वी अलीमियाँ शाळेतली पोरं आणायला रिकामी गाडी घेऊन निघाला होता. केसर टोपली खाली ठेवून पदर खोचत उभी होती. गाडीचं पुढचं चाक सरळ टोपलीवर चढलं. मांदेली आणि करंदी चिखलात गेली, आणि केसर वितभर अंतरावर तशीच उभी राहिली, हातात पदराचं टोक धरून.

खरं म्हणजे तेव्हाच उतरून हात जोडायचे. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं. "दिसत न्हाय काय गो म्हातारे? रस्त्यात दुकान मांडून बसलीस ती!" अलीमियाँ ओरडला, आणि ते साऱ्या नाक्यानं ऐकलं. केसरनं फुटलेली टोपली उचलली आणि ती गेली. संध्याकाळी शहरबानूनं, म्हणजे अलीमियाँच्या बायकोनं, तिच्या घरी नवी टोपली आणि मासळीची भरपाई पोचती केली. शब्द मात्र नाक्यावरच पडून राहिला.

अलीमियाँ त्रेसष्ट वर्षांचा. किहीम आणि थळच्या मधल्या त्या वाडीतून चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात पोरं पोचवायचं काम तो बावीस वर्षं करत होता. ज्यांना नाक पुसून गाडीत बसवलं, ती पोरं आता स्वतःची पोरं त्याच्या गाडीत बसवत होती. सध्या अकरा होती. त्यांत केसरची नात प्रणाली होती आणि त्याची स्वतःची नात जुनेराही होती. जुनेराचे आईबाप कुवेतला. दहावीचं वर्ष म्हणून पोरगी आजीआजोबांकडे राहिली होती. सगळी पोरं त्याला चाचा म्हणत, ती एकटी दादाजी.

तरुणपणी हा माणूस मोहल्ल्याच्या टीमचा विकेटकीपर होता. टेनिस चेंडूच्या मॅचेस, भाताची कापणी झाली की शेतातच. बॅटची कड लागून मागं गेलेला चेंडू अलीमियाँच्या हातातून सुटला, असं पाहिलेला माणूस अलिबाग तालुक्यात सापडणार नाही, असं तो स्वतःच सांगायचा. आता पोट थोडं सुटलं होतं, गुडघे कुरकुरत होते, आणि पावसाळा लागला की नाक वाहायचं. यंदा मात्र नाक कोरडं होतं. कैसनं, त्याच्या मुलानं, महिनाभरापूर्वी कुवेतहून परतणाऱ्या शेजाऱ्याबरोबर दूध पावडरचा डबा भरून गोळ्या पाठवल्या होत्या. डब्यात प्लास्टिकच्या पिशवीवर मार्करनं लिहिलेलं, 'अब्बा, सर्दी'. शहरबानू सकाळच्या चहाभाकरीनंतर एक आणि दुपारच्या जेवणानंतर एक अशी गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि लेकाला दुवा द्यायची.

गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी अलीमियाँ शाळेत जरा लवकर पोचला. पाऊस बारीक लागला होता. पडवीत उभा राहून तो छत्री झटकत होता, तर दहावीच्या वर्गातून हसण्याखिदळण्याचा आवाज आला. त्यानं खिडकीतून डोकावलं. आत विज्ञानाच्या पूनम बाई एका पोराच्या बोटांमध्ये फूटपट्टी सोडत होत्या आणि पोरगा ती पकडत होता. फळ्यावर तक्ता काढला होता, नावं आणि पुढं आकडे.

"चाचा, या आत," बाईंनी त्याला पाहिलं. पूनम बाई तळा गावच्या, दोन वर्षांमागं या शाळेत आलेल्या. बोलायला मऊ, पण पोरं त्यांना टरकून असत. "आमच्या तक्त्यात पंचवीस वर्षांच्या वरचं कुणीच नाही. तुमचा हात द्या."

"मी काय बाई, अडानी मानूस."

"चाचा कीपर होते बाई!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "पट्टी सुटायच्या आधीच पकडतील!"

मग काय, अलीमियाँची छाती वितभर फुगली. छत्री दाराशी ठेवून तो आत गेला. बाईंनी त्याचा हात टेबलाच्या कडेवर टेकवला, अंगठा आणि बोट उघडी ठेवायला सांगितलं. पट्टी वरून धरली, शून्याचा आकडा बरोबर बोटांच्या मध्ये. "मी सांगणार नाही. सुटली असं दिसलं की मिटायचं. जितके सेंटीमीटर खाली गेली, त्यावरून तुम्हाला किती वेळ लागला ते निघतं. पोरांचे सोळा ते वीस आलेत."

अलीमियाँनं पट्टीकडं डोळे लावले. पट्टी सुटली. ती सुटलेली त्यानं चांगली पाहिली. बोटं मिटली तेव्हा मध्ये काहीच नव्हतं. पट्टी खाली फरशीवर वाजली.

वर्ग हसला. तोही हसला. "पान्याचा हात हाय," म्हणून त्यानं हात पँटला पुसला. पट्टी पुन्हा सुटली, पुन्हा फरशीवर. तिसऱ्यांदा तसंच. "चाचा, झोपला काय?" एक पोरगा म्हणाला आणि हसण्याची मोठी लाट आली. चौथ्या वेळी हसणं कमी झालं. पाचव्या वेळी वर्गात चिडीचूप होतं, आणि पट्टी पडल्याचा आवाज नको इतका मोठा वाटला. जुनेरा दुसऱ्या बाकावर बसली होती. ती एकदाही हसली नव्हती.

बाईंनी कोपऱ्यातली लाकडी मीटरपट्टी आणली. ती त्याच्या बोटांत अडकली खरी, चोपन्नवर, मग अठ्ठावन्नवर, मग एक्कावन्नवर. बाईंनी फळ्यावर आकडा लिहिला नाही. घंटा वाजली तशी पोरांना सोडून त्या अलीमियाँबरोबर पडवीत आल्या.

"चाचा, रागावू नका. आज गाडी तुम्ही चालवू नका."

"का?"

"चाळीसच्या वेगानं गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. पोरांपेक्षा तुमची बोटं जेवढी उशिरा मिटतात तेवढ्या वेळात ती दीड मीटर पुढं गेलेली असते. म्हणजे तुम्ही ब्रेक दाबायच्या आधीच." बाईंनी पडवीच्या खांबाकडं बोट दाखवलं. "इथून तिथपर्यंत."

अलीमियाँच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बापाच्या वयाच्या माणसाला ही कालची पोरगी काय सांगते! "बाई, मला लायसन सरकारनं दिलंय, फूटपट्टीनं न्हाय. बावीस वर्सं झाली. एका पोराच्या नखाला इजा न्हाय. तुमी शिकवायचं काम करा, मी माझं करतो." एवढ्यावर न थांबता आवाज चढवून म्हणाला, "चला रे, बसा गाडीत!"

पोरं बसली. प्रणाली बसली. सगळी नेहमीप्रमाणं दाटीवाटीनं कोंबून घेतात तशी बसली. जुनेरा मात्र दप्तर पोटाशी धरून पावसात उभी राहिली.

"चढ ना गो."

"दादाजी, मी चालत येते."

"काय बोललीस?"

"मी चालत येते," ती म्हणाली. तिनं पाय जागचा हलवला नाही.

परक्या बाईनं सांगितलं तर राग आला होता. स्वतःच्या रक्तानं सांगितल्यावर राग यायलाही जागा उरली नाही. अलीमियाँनं आरशात पाहिलं. मागं दहा तोंडं त्याच्याकडं बघत होती, आणि त्यांत पहिल्यांदाच भीती दिसत होती. आधी प्रणाली उतरली. मग एकेक करून सगळी उतरली आणि पडवीत जाऊन उभी राहिली. अलीमियाँनं चावी काढली आणि पुतण्याला फोन लावला. पुतण्या मुआज त्याच रस्त्यावर दुसरी मिनीडोर चालवायचा. वीस मिनिटांनी तो आला आणि काही न विचारता पोरांना घेऊन गेला. गाडीत जागा असूनही जुनेरा बसली नाही.

आजोबा आणि नात चालत निघाले. एकच छत्री, ती त्यानं तिच्यावर धरली. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आला होता आणि खाचरांतून पाणी वाहत होतं. किलोमीटरभर अलीमियाँच्या चपलेत खडा टोचत होता, तो त्यानं काढला नाही.

"बाईंचा राग आला?" शेवटी जुनेरानं विचारलं.

"माझाच आला." थोडं चालून तो म्हणाला, "केसरची टोपली उडाली ना, ती मला दिसली व्हती गो. चांगली दिसली व्हती. दाब, दाब, असं मी मनात बोललोपन. पाय गेला न्हाय." त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "बुधाजीला मी ब्रेक उघडायला लावले. तीन खेपा. मला म्हायत व्हतं ब्रेकात काय न्हाय."

इतके दिवस हे त्यानं शहरबानूलाही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण उलट भीतीच वाटली. त्याच्या बापाला पासष्टाव्या वर्षी लकवा झाला होता. सुरुवात अशीच झाली होती काय, कुणी मोजलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मुआज आणि शहरबानू त्याला अलिबागला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं ब्लडप्रेशर पाहिलं, साखर पाहिली, नाकावर बोट ठेवायला लावलं, सरळ रेषेत चालवलं. सगळं ठीक. "रोजचं काही औषध चालू आहे?" डॉक्टरनं विचारलं. "काय बी न्हाय," अलीमियाँ म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या शहरबानूनंही मान डोलावली. दोघंही खोटं बोलत नव्हती. औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतो ते. सर्दीची गोळी ती काय, घरात असतेच. डॉक्टर म्हणाला, वय आहे, काही दिवस आराम करा, मग बघू. वय आहे म्हटल्यावर शहरबानूनं रिक्षात डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवसापासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत शाळेला सुट्टी होती. मिनीडोर मुआजनं आणून अंगणात लावली होती. अलीमियाँ ओट्यावर बसून तिच्याकडं बघत राहायचा. जुनेरानं आदल्या दिवशीच बाईंकडून मीटरपट्टी मागून मुआजच्या गाडीतून घरी पाठवली होती, ती तिनं पुढं केली.

"परत कशाला?" तो वैतागला. "झाली ना शोभा एकदा?"

"आमच्या बाई सांगतात, एकदा मोजलेलं म्हणजे मोजलेलं नव्हे. दिवसातून चारदा मोजायचं. रोज."

पोरगी हट्टी निघाली. पहाटे फजरच्या नमाजनंतर एकदा, दहा वाजता एकदा, जेवणानंतर, आणि सूर्य बुडताना मगरिबच्या नमाजआधी. प्रत्येक वेळी पाच पाच खेपा. शहरबानू भाकरी थापताथापता कुरकुरायची, "पोरी, मानूस हाय का कापड, सारखा मोजतंस ते?" पण हात पुसून ती आकडे ऐकायला दारात यायचीच. जुनेरा वहीत रकाने आखून लिहीत होती. पहिल्या दिवशी फजरनंतर एकोणतीस आला. दहा वाजता पंचावन्न. दुसऱ्या दिवशी फजरनंतर सत्तावीस. दहा वाजता त्रेपन्न. जेवणानंतर तर एकदा पट्टी सगळीच्या सगळी खाली गेली.

त्या संध्याकाळी जुनेरा वही घेऊन आजीपुढं बसली. "दादी, पहाटे दादाजी बरोबर पकडतात. दहापर्यंत बिघडतं. मधल्या वेळात काय होतं?"

"काय व्हनार? चहा पितात, भाकरी खातात, गोळी घेतात, पेपर वाचतात."

"मग एकेक बंद करू."

आधी चहा बंद झाला. त्या दिवशी घरात जे रामायण झालं ते सांगण्यासारखं नाही. बिनचहाचा अलीमियाँ सकाळभर कोंबड्यांवर ओरडत होता, मांजरावर ओरडत होता, आणि दहा वाजता चोपन्नवर पट्टी पकडून जुनेरावर ओरडला. चहा बिचारा निर्दोष सुटला. चौथ्या दिवशी चहा परत मिळाला आणि गोळ्या बंद झाल्या.

दहा वाजता अलीमियाँनं ओट्याच्या कडेवर हात टेकवला. जुनेरानं पट्टी सोडली. बोटं मिटली. तिनं वाकून आकडा पाहिला, पट्टी पुन्हा सोडली. पाचही वेळा झाल्यावर तिनं वही आजोबांच्या मांडीवर ठेवली. अठ्ठावीस, सव्वीस, सत्तावीस, एकोणतीस, सव्वीस.

तेवढ्यात अलीमियाँला सटासट चार शिंका आल्या.

"गोळी," जुनेरा म्हणाली.

शहरबानूनं दूध पावडरचा डबा आणून ओतला. गोळ्यांच्या नुसत्या पत्र्याच्या पट्ट्या, खोकं एकही नाही. जुनेरानं फोटो काढून कुवेतला पाठवला. अर्ध्या तासात कैसचा व्हिडिओ कॉल आला. तो कामावरच्या हेल्मेटमध्येच होता.

"अब्बा, ह्या रातच्या गोळ्या हायत. झोपताना घ्यायच्या. खोक्यावर लिवलं व्हतं, ही खाऊन गाडी चालवू नये." त्यानं हेल्मेट काढलं. "खोकी मीच फाडली. बॅगचं वजन तीस किलोच्या वर चाललं व्हतं. मी म्हनलो, खोक्यांनी कशाला वजन खायचं, म्हनून सगळी कचऱ्यात टाकली. तुमाला सांगायचं राहून गेलं. अब्बा, मी तुमचा गुनाहगार हाय."

गल्फच्या बॅगेचं वजन हे कोकणातल्या किती घरांना ठाऊक आहे! साबण वेष्टनातून निघतो, खजूर डब्यातून निघतो, औषध खोक्यातून निघतं. एकेका किलोसाठी माणूस जिवाचा आटापिटा करतो. अलीमियाँनं स्वतः दहा वर्षं सौदीत हेच केलं होतं. शेजारी शहरबानू तोंडात पदर कोंबून बसली होती. गोळी रोज तळहातावर ठेवणारी तीच.

"गप रे," अलीमियाँ मुलाला म्हणाला. "एवड्या लांबून बापाचं वाहतं नाक तुझ्या ध्यानात व्हतं. ते बघ आधी. गुनाह कसला?" आणि बायकोकडं वळून, "तू पन गप. मला वाटलं अब्बासारखा लकवा आला. आलाय काय? न्हाय ना? मग रडतंस कशाला, चहा टाक."

त्या दुपारी जोहरच्या नमाजनंतर त्यानं शुक्रान्याच्या, म्हणजे आभाराच्या, दोन रकाती जादा पढल्या. कपाळ टेकून सजद्यात गेला आणि लवकर उठेना. केसर आणि चाक यांच्यामध्ये एक वीत होती. गेला महिनाभर रोज दोन खेपा अकरा पोरं त्या गोळीच्या अमलाखाली त्यानं नेली आणि आणली होती, आणि एकाचंही नख दुखावलं नव्हतं. हे त्याच्या हातांचं कसब नव्हतं, हे त्याला आता पक्कं ठाऊक झालं होतं. कुणीतरी सांभाळलं होतं. मग तळ्याच्या एका पोरीनं फूटपट्टी सोडली होती, आणि त्याच्याच नातीनं पावसात उभं राहून गाडीत चढायला नकार दिला होता. त्याचे डोळे भरून चटई ओली झाली. तो कितीतरी वेळ शुक्र, शुक्र, एवढंच म्हणत राहिला.

मग त्यानं बाईंना फोन लावला. बाई तळ्याला गणपतीला गेल्या होत्या, मागं आरती चालली होती.

"बाई, मी अलीमियाँ. त्या दिवशी मी तुमच्यावर आवाज चढवला."

"चाचा, ते सोडा. तब्येत कशी आहे?"

त्यानं सगळं सांगितलं. पलीकडं झांजा वाजत होत्या. मग बाई म्हणाल्या, "जुनेरानं चहा आधी बंद केला?" आणि खळखळून हसल्या. झोप न आणणारी सर्दीची गोळी डॉक्टरकडून लिहून घ्या, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण अलीमियाँला सुखानं झोप येईना. पोरांच्या आईबापांना हे कुठं माहीत होतं? त्यांना एवढंच कळलं होतं की चाचा आजारी आहे, म्हणून मुआजनं पोरं आणली. सुट्टी संपली की ती पुन्हा निर्धास्त पाठवणार. शहरबानू म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता बरं झालं ना, कशाला गावभर सांगायचं? त्यानं ऐकलं नाही. "पोरं त्यांची हायत," एवढंच तो म्हणाला.

गौरी घरात बसल्या होत्या त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून, जुनेराची वही आणि मीटरपट्टी घेऊन तो घरोघर निघाला. दारोदार रांगोळ्या, आत आरास, प्रत्येक घरी पाट मांडलेला. "या मियाँचाचा, बसा, करंजी घ्या." तो करंजी हातात घ्यायचा, पण खायच्या आधी सांगायचा. सगळं सांगायचा. रातच्या गोळ्या दिवसा खाऊन महिनाभर तुमचं पोर नेलं, माझी चूक झाली, माफी द्या. आता गोळी बंद हाय, आकडे हे बघा, पट्टी ही घ्या, तुमीच मोजा. पोर पाठवायचं का न्हाय तुमी ठरवा.

एका घरी मुंबईहून आलेल्या काकामामांनी पट्टीचा ताबाच घेतला. पुरणपोळ्या जेवून सुस्तावलेले सहाजण ओळीनं बसले आणि त्यांतल्या चौघांचा आकडा अलीमियाँपेक्षा वाईट आला. तिथं हसून हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या घरी बाई नुसती पोराला जवळ ओढून बसून राहिली. तिसऱ्या घरी बाप उठून उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, तुमी आमाला नेलंय शाळेत, म्हनून बोलवत न्हाय. पन पोर मी मुआजकडं देतो." अलीमियाँ म्हणाला, "बरोबर हाय तुजं." करंजी खाऊन बाहेर पडला.

केसरचं घर त्यानं शेवटी ठेवलं होतं. ती दारात बसून बोंबलाची चोच काढत होती. त्याला पाहून तिनं वर बघितलं नाही.

"केसरबाय, तू रस्त्यात नव्हतीस. तू कडंला व्हतीस. तू मला दिसली व्हतीस. चूक माझी, आनि वर आंधळी तुला बोललो. नाक्यावर बोललो ते चुकलं, म्हनून उद्या नाक्यावर पन सांगतो."

केसरची विळी थांबली. "टोपली मिलाली व्हती मना," ती म्हणाली. "टोपलीचा काय. पन्नास वरसं मी त्या रस्त्यावं बसतंय. त्या दिसापून मी खाली बसले का माजा उर धडधडतंय. कुनाला सांगू? सगली बोलतान म्हातारीला दिसत न्हाय. मनापन तसाच वाटाया लागला."

अलीमियाँला हे ठाऊक नव्हतं. तो खाली मातीतच बसला.

"तुला दिसतंय गो. तुझे डोळे माझ्यापरास चांगले हायत."

त्यानं वही उघडली, पट्टी पुढं केली. तिनं हातातल्या विळीनंच ती बाजूला सारली. "मना वहीतला आकरा नको दाखवूस. मासली ताजी हाय का शिली ते मी कल्ला उघरून बगतंय. तुजा कल्ला कुटं हाय?" आणि बोंबील उचलला. "परनालीचा मी ठरवीन. तू जा आता, माश्या बसतान."

सुट्टी संपल्यावरच्या सकाळी साडेसहाला अलीमियाँनं मिनीडोर वाडीच्या तोंडाशी उभी केली. आदल्या दोन दिवसांत त्यानं ती रिकामी, किहीमपर्यंत आणि परत, आठ वेळा चालवली होती, शेजारी मुआजला बसवून. नाक्यावर चार माणसांसमोर स्वतःची चूकही सांगून झाली होती. पाऊस नव्हता. मुआजचीही गाडी वीस हातांवर उभी होती. पोरांना निवड असावी म्हणून त्यानंच मुआजला बोलावलं होतं. जुनेरा मागच्या सीटवर सगळ्यांत आधी येऊन बसली होती. अलीमियाँ हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला. गाडीला हॉर्न होता, पण तो वाजवायचा त्याला धीर होईना.

काकामामांच्या घरची दोघं धावत आली आणि मागं चढली. मग आणखी दोन. मग ज्याचा बाप नको म्हणाला होता तो पोरगा मान खाली घालून मुआजकडं गेला, त्याच्यामागं त्याची बहीणही गेली. पोराला ओढून बसलेली बाई स्वतः आली, गाडीभोवती एक फेरी मारली, अलीमियाँच्या डोळ्यांत पाहिलं आणि पोराला आत ढकललं. मग दोघं एकदम आली. जुनेरा धरून सात... नाही, सात आणि ती, आठ. त्यानं पुन्हा मोजली. प्रणाली नव्हती.

पावणेसात झाले. जुनेरा मागून म्हणाली, "दादाजी, उशीर होतोय."

"एक मिंट."

वळणावरून केसर आली. डोक्यावर टोपली, एका हातानं तिला आधार, दुसऱ्या हातात प्रणालीचं बखोट. वाटेतल्या मुआजच्या गाडीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. अलीमियाँच्या गाडीशी येऊन ती थांबली. प्रणाली सवयीनं मागं चढू लागली, तशी तिनं तिला ओढून पुढं आणलं आणि अलीमियाँच्या शेजारी, काचेजवळच्या सीटवर बसवलं. तिथं शाळेचं पोर कधी बसत नसे, ती मोठ्या माणसांची जागा. दप्तर तिच्या मांडीवर दिलं, वेणी सारखी केली.

"हितं बस," केसर म्हणाली. मग अलीमियाँकडं बघून, "तुज्या हवाली केली."

आणि ती मागं वळून नाक्याकडं, आपल्या बसायच्या जागेकडं चालू लागली.

अलीमियाँनं चावी फिरवली. इंजिन लागलं, सगळी गाडी थरथरू लागली. पण त्याला समोरचं काहीच दिसेना. रस्ता, नारळ, पाठमोरी चालणारी केसर, सगळं पाण्यात बुडल्यासारखं झालं होतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले. पुन्हा भरले, पुन्हा पुसले. प्रणाली त्याच्याकडं बघत होती, मागच्या पोरांनी घाई केली नाही. शेवटी समोरचा रस्ता खड्ड्याखड्ड्यांसकट स्वच्छ दिसू लागला, तेव्हाच त्यानं गाडी जागची हलवली.